शरदाचे देणे

गणपती गेले, पितृपक्ष सरत आला, तिमाही परीक्षेचे पेपर तपासून होत आले. घरी गुणांची चर्चा, शाळेत निकालपत्रकांची घाई. या गडबडीत शरद ऋतू मात्र कुणाची वाट न पाहता आपल्या माळव्यात येऊन उभा राहिला आहे. आभाळ धुऊन काढल्यासारखे निळे झाले आहे. इंदूर सोडून उज्जैनच्या किंवा महूच्या वाटेला लागले की ओढ्याकाठचा कांस पांढराशुभ्र फुललेला दिसतो. या अंकाच्या निमित्ताने आम्ही पालक, विश्वस्त आणि विद्यार्थी या तिघांशीही या ऋतूविषयी थोडे बोलू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की शरदाचे सौंदर्य ही नुसती पाहण्याची गोष्ट नाही. ते आपल्यावरचे देणे आहे, आणि ते ओळखायला शिकवणे हे शाळेचे काम आहे.

प्राथमिक वर्गांत ऋतूंची चित्रे काढायला सांगितली की पुष्कळ मुले शरदासाठी लाल-पिवळी पाने गळणारे झाड काढतात. दोष मुलांचा नाही. इंग्रजी पुस्तकातला ‘ऑटम’ तसाच असतो. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले की झाडे पानांतले हरितद्रव्य मोडून उपयोगी द्रव्ये फांद्यांत परत घेतात. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग दिसू लागतो, आणि काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. परदेशी गेलेली आपली मंडळी त्याची छायाचित्रे कौतुकाने पाठवतात, आणि ते दृश्य कौतुकाचे आहेच. पण आपल्याकडे या दिवसांत झाडे गळत नाहीत. आपली पानगळ शिशिरात होते. आपला शरद गळण्याचा ऋतू नाही, भरून येण्याचा आहे. विहिरी भरलेल्या, तलाव भरलेले, शेंगा भरलेल्या. मुलांनी पुस्तकातला शरद जरूर काढावा, पण आधी आपल्या खिडकीबाहेरचा काढावा. जे समोर आहे ते दिसलेच नाही तर त्याबद्दल आभार कसे वाटणार ?

हे आभाळ एवढे निळे का होते, हे वरच्या वर्गांतल्या मुलांना विज्ञानाच्या तासाला सांगता येते. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास माघारी फिरू लागतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्या भागातूनही निघून जातो. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ खाली बसवलेली असते. मागून येणारी हवा कोरडी असते. धूळ आणि बाष्प दोन्ही कमी झाले की सूर्यप्रकाशातला निळा भाग हवेच्या सूक्ष्म रेणूंवरून विखुरलेला स्वच्छ दिसतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी होतात आणि तिथून रात्र हळूहळू मोठी होत जाते. कारण कळले म्हणून निळाई कमी होत नाही. उलट आमचा अनुभव असा, की ज्या मुलाला कारण कळते ते दुसऱ्या दिवशी मान वर करून पाहते.

आपल्या पूर्वजांनी हा ऋतू फार बारकाईने पाहिला होता. वाल्मीकींच्या आणि तुलसीदासांच्या रामकथेत किष्किंधाकांडात वर्षा ऋतूपाठोपाठ शरदाचे वर्णन येते. कालिदासाच्या ऋतुसंहाराचा तिसरा सर्ग शरदाचा आहे, आणि कालिदासाचे नाव जिच्याशी जोडले गेले ती उज्जयिनी आपल्यापासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे. अगस्तीचा तारा उगवला की गढूळ पाणी निवळते, असे जुने लोक म्हणत. तो तारा या दिवसांत पहाटे दक्षिणेला, क्षितिजापासून फार वर नाही असा दिसतो, आणि पावसाळ्यात मातकट झालेली नर्मदाही याच सुमारास निवळू लागते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दीर्घायुष्याच्या प्राचीन वैदिक आशीर्वादात वर्षे मोजली जातात ती शरदांनी. शंभर वर्षे जग म्हणायचे तर शंभर शरद पाहा, असे म्हणायचे. पूर, साथी आणि सरपटणारी जनावरे यांतून पावसाळा पार पाडून ज्याने निरभ्र आभाळ पाहिले त्याचे वर्ष पदरात पडले, अशी त्यामागची भावना असावी असे आम्हांला वाटते. म्हणजे शरद पाहणे हीच मुळी आभार मानण्याची गोष्ट होती.

आता या महिन्या-दीड महिन्यातले आपले सण ओळीने पाहा. पितृपक्षात जे गेले त्यांची आठवण. घटस्थापनेला मातीची आणि धान्याची पूजा. एका परडीत माती घालून सात किंवा नऊ धान्ये पेरायची आणि नऊ दिवसांनी उगवलेले कोंब डोक्यावर धारण करायचे. खंडेनवमीला हत्यारांची आणि अवजारांची, दसऱ्याला पाटीपुस्तकांची पूजा. कोजागरीला चंद्राला दुधाचा नैवेद्य, आणि घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळून आश्विनी. वसुबारसेला गाय-वासरू. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण आणि तुळशीचे लग्न. आपल्या शेजारच्या माळवी मुली पितृपक्षाचे सोळा दिवस भिंतीवर शेणाची संजा मांडून तिला फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात आणि गाणी म्हणतात. पाठोपाठ आपल्या मुली पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरतात. हस्त नक्षत्राचा पाऊस म्हणून हा हत्ती, असे सांगतात. भाषा दोन, पण पावसाला निरोप देणाऱ्या मुली एकाच मातीतल्या.

या सगळ्यांत एक धागा आहे. ज्याच्यामुळे आपले चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे. माती, बी, विळा, पुस्तक, गाय, झाड, चंद्र, वाडवडील. अध्यात्म हा शब्द ऐकला की मुलांना काहीतरी कठीण, म्हाताऱ्यांच्या कामाचे वाटते. आमच्या समजुतीप्रमाणे त्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. मी एकटा पुरा नाही, माझ्या ताटातला घास पुष्कळांच्या हातांतून आला आहे, हे मनापासून कळणे. शरद ही पायरी दरवर्षी आपल्यासमोर आणून ठेवतो.

पण येथे सावध राहायला हवे. सौंदर्याचे गोडवे गाणे सोपे असते. काळ्या मातीतले सोयाबीन जून-जुलैत पेरले जाते आणि तीन-साडेतीन महिन्यांत, म्हणजे नेमके याच दिवसांत कापणीला येते. पाने पिवळी पडून गळतात, शेंगा वाळतात. कापणीला उशीर झाला तर शेंगा तडकून दाणे शेतात सांडतात, आणि कापणीच्या तोंडावर पाऊस आला तर दाणा डागाळतो, कधी शेंगेतच मोड येतात. आपल्याला जे निळे आभाळ पाहून बरे वाटते ते शेतकऱ्यासाठी वर्षाच्या कमाईचे आभाळ असते. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून आपल्या इंदुरातच आहे, आणि तरी आमच्या वर्गांतल्या कितीतरी मुलांनी सोयाबीनचे उभे पीक जवळून पाहिलेले नाही. ज्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस कोसळतो त्या वर्षी गच्चीवर कोजागरी झाली नाही म्हणून आपण हळहळतो. तेव्हाच पन्नास कोसांवर कुणाचे तरी पीक शेतात सडत असते. कृतज्ञतेत दुसऱ्याच्या दुःखाला जागा नसेल तर ती कृतज्ञता नव्हे, ते स्वतःचे समाधान झाले.

तीच गोष्ट पाण्याची. इंदुरात नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये आले. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढवून, मोठमोठ्या पंपांनी ते आपल्या नळापर्यंत पोहोचवले जाते. नळ सोडला की नर्मदा येते, हे आजच्या मुलांना इतके सवयीचे आहे की त्यात आश्चर्य वाटत नाही. भरल्या तलावांच्या या दिवसांत मुलांना एवढे तरी सांगावे, की हे पाणी डोंगर चढून आले आहे.

आता दसऱ्याकडे वळू. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातली कौत्साची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. वरतंतूंचा हा शिष्य. गुरू म्हणाले, तुझी सेवा हीच दक्षिणा. पण त्याने फारच आग्रह धरला तेव्हा ते रागावून म्हणाले, चौदा विद्या शिकलास, चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजाने यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेले. त्याने पाहुण्याचे स्वागत मातीच्या पात्राने केले. राजाने कुबेरावर स्वारी करायचे ठरवले, आणि त्याच रात्री राजाच्या कोषागारात सोने बरसले. पुढची गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. राजा म्हणतो, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंचे देणे तेवढेच घेईन, एक नाणेही अधिक नको. लोककथेत हे सोने आपट्याच्या झाडावर बरसते, आणि उरलेले लोक लुटतात. तेव्हापासून दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून द्यायचे, असे आपण मुलांना सांगतो.

कथा आहे गरजेपेक्षा अधिक न घेणाऱ्या विद्यार्थ्याची. आपण मात्र सण साजरा करतो तो लुटीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात. आपटा पुरत नाही म्हणून तशाच जोडपानाच्या कांचनाच्याही फांद्या तोडून आणतात, आणि घेणाऱ्याला त्यातला फरक कळतही नाही. एकेका घरात पिशवीभर पाने येतात. संध्याकाळी ती हातोहात फिरतात आणि रात्री कोपऱ्यात पडतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आपले सफाईमित्र ती रस्त्यावरून झाडून नेतात. २०१७ मध्ये आपले शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिले आले, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. तो पहिला क्रमांक ज्यांनी झाडू मारून मिळवला त्यांना दसऱ्याचे सोने कितीजण देतात ?

आपटा हे आपल्या कोरड्या जंगलांतले साधे झाड. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. पावसाळा संपल्यावर, जेव्हा त्याला उन्हात अन्न तयार करून ठेवायचे असते, नेमके तेव्हाच आपण ते ओरबाडतो, आणि त्याच झाडाचे नाव घेऊन एकमेकांना सोन्यासारखे राहा म्हणतो. हे कौत्साला मान्य झाले नसते. आम्ही सण बंद करा असे म्हणत नाही. पान एक पुरे, एवढेच म्हणतो. घरात एक पान आणावे, देवापुढे ठेवावे, आणि ज्याला सोने द्यायचे त्याच्या हातात हात द्यावा.

यावर काही पालकांचे म्हणणे आम्हांला ठाऊक आहे. स्पर्धेच्या दिवसांत मुलांचा वेळ भोंडल्यात आणि चंद्र पाहण्यात घालवायचा का ? प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे. वर्षातून दोन संध्याकाळी आणि एक सकाळ यांनी कुणाचे गुण कमी होत नाहीत. उलट जे मूल सतत आपल्याला काय मिळाले नाही हेच मोजते ते पंच्याण्णव टक्के मिळवूनही दुःखी राहते. आपल्याला पुष्कळ काही मिळालेले आहे हे ज्याला आतून ठाऊक असते ते अपयशातही लवकर सावरते. अशी दोन्ही प्रकारची मुले शिक्षकांना दरवर्षी भेटतात.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या शाळेत आता निरनिराळ्या घरांची, धर्मांची आणि भाषांची मुले येतात. मग हे सण सगळ्यांचे कसे ? पूजा ज्याच्या त्याच्या घरची. पण आभाळ, चंद्र, धान्य आणि पाणी यांना जात-धर्म नाही. शाळेने पूजा सांगू नये, पाहायला आणि आभार मानायला सांगावे. भोंडल्याच्या फेरात आजवर ज्या मुलीने हात पुढे केला तिला जागा मिळाली आहे, आणि खिरापत ओळखण्याचा आनंद सर्वांचा सारखाच असतो. मात्र कृतज्ञता सक्तीने शिकवता येत नाही, हेही खरे. ‘आभार’ या विषयावर दहा ओळी पाठ करून घेतल्या तर मुले तेवढ्याच लिहितील आणि विसरतील. आपण फक्त संधी द्यायची.

म्हणून विश्वस्त मंडळासमोर आम्ही चार साध्या सूचना ठेवतो. पहिली, घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत कोणतीही चाचणी परीक्षा ठेवू नये आणि भोंडला पुन्हा शाळेच्या मैदानात, दिवसाउजेडी, मुले-मुली सर्वांसाठी व्हावा. दुसरी, दसऱ्याला शाळेत प्रत्येक वर्गात आपट्याचे एकच पान यावे, आणि येत्या जुलैत, पाऊस लागल्यावर, शाळेच्या कुंपणालगत आपट्याची काही रोपे लावावीत. पाने तोडण्याआधी झाड लावलेले बरे. तिसरी, खंडेनवमीला संगणक आणि प्रयोगशाळेबरोबर शाळेची घंटा, झाडू आणि व्हॅनचे चाक यांनाही फूल वाहावे, आणि घंटा देणारे दादा, वर्ग झाडणाऱ्या मावशी, व्हॅनचे काका यांना मुलांनी आपल्या हाताने सोने द्यावे. चौथी, सातवीच्या पुढच्या मुलांना एका शनिवारी सकाळी कापणीच्या शेतावर न्यावे, आणि हिवाळा सुरू झाला की होळकरांच्या काळात बांधलेल्या सिरपूर तलावावर. दूरदेशांहून येणारे पक्षी तेथे उतरतात, आणि २०२२ पासून तो रामसर स्थळांच्या यादीत आहे. शेतावर गेल्यावर मुलांनी छायाचित्रे कमी काढावीत आणि प्रश्न जास्त विचारावेत. बियाणे कितीला पडले, मजुरी किती, भाव काय मिळाला.

पालकांकडे मागणे एकच आहे, कोजागरीचे. आश्विनातल्या पौर्णिमेला चंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो. सूर्य मावळतो त्या सुमारास तो पूर्वेला उगवतो, आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, अशी समजूत. अलीकडे गच्चीवर आपण जागे असतो खरे, पण हॅलोजन लावून, ध्वनिक्षेपक लावून आणि मोबाइल हातात धरून. चंद्राकडे पाठ करून चंद्राचा सण होतो. या वर्षी अर्धा तास तरी गच्चीवरचे सगळे दिवे मालवावेत. दूध आटते आहे, केशर-वेलदोड्याचा वास येतो आहे, आणि कुणी काही बोलत नाही, एवढेच करून पाहावे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात, की शरदातल्या चांदण्याचे कोवळे कण चकोराचे पिल्लू जितक्या हळुवार मनाने वेचते तितक्या हळुवारपणे ही कथा ऐकावी. गीतेचे तत्त्वज्ञान सांगायला बसलेल्या त्या तरुण कवीला ऐकणे म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी शरदाचे चांदणेच आठवले. चांदणे लुटता येत नाही, साठवता येत नाही, फक्त शांत राहून घेता येते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर तीन नावे लिहा. ज्यांच्यामुळे तुमचा कालचा दिवस नीट गेला, पण ज्यांना तुम्ही अजून कधी धन्यवाद म्हटले नाही, अशी तीन. ती आजीची असू शकतील, भाजीवाल्या काकूंची असू शकतील, मागच्या बाकावरच्या मित्राचीही. वही आम्हांला दाखवायची नाही. त्या तिघांपैकी एकाला जाऊन सांगायचे, एवढेच. सांगताना थोडे अवघडल्यासारखे वाटेल. ते वाटणे चांगले असते.

सर्व वाचकांना नवरात्र, दसरा आणि कोजागरीच्या शुभेच्छा. आभाळ निरभ्र राहो, शेतातले पीक सुखरूप घरी येवो, आणि आपल्या मुलांना शंभर शरद डोळे उघडे ठेवून पाहायला मिळोत.

— संपादक मंडळ